एकवीस रिकाम्या कांड्या

अप्पा,

आज दुपारी जेवताना जावयांनी टेबलावर मूठ आपटली आणि वाटीतली आमटी सांडली. टीव्हीवर लोकसभेतला गोंधळ दाखवत होते, तेवढंच निमित्त. "आई, असं पाचशे जणांनी मिळून कधी काही होतं का?" ते मला म्हणाले. "एक खमका माणूस बसवायचा आणि दहा वर्षं बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. बघा मग देश कुठं जातो. त्या पूर्वेकडच्या देशांत बघा. एकानं सांगितलं, सगळ्यांनी केलं, आज घरोघर मोटारी आहेत. आणि आपण बसलोय मतं मोजत." माणूस वाईट नाही हो. पाटबंधारे खात्यात उभी हयात गेली, पाण्याच्या एकेका चारीसाठी वीस-वीस वर्षं फायली फिरताना बघितल्यात त्यांनी. मी फडकं आणून आमटी पुसली. तुमची नात भाजी वाढता वाढता "खरंच आहे" म्हणाली आणि मी हातातला घास ताटात परत ठेवला. आज पंचावन्न वर्षांची होऊन ती भाजी वाढते आहे, ती अशाच एका खमक्या माणसामुळं, हे तिला ठाऊक नाही. आणि तिचा आजोबा कशानं खचला तेही ठाऊक नाही. मी कधी सांगितलंच नाही. जेवणं झाल्यावर मी खोलीचं दार लोटून घेतलं आणि वही काढली. तुम्हाला जाऊन पंचेचाळीस वर्षं होऊन गेली. मी आता इथं सावेडीत तिसऱ्या मजल्यावर असते. खिडकीतून समोरच्या बंगल्यांच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. मागाचा आवाज कुठंच नाही.

इथं कुणाला कांडी म्हटलं तर कळत नाही. बोटाएवढी बरूची नळी, तिच्यावर रहाटानं सूत भरायचं, मग ती धोट्यात बसते आणि धोटा मागावर इकडून तिकडं पळतो, असं सगळं समजावून सांगावं लागतं. आपल्या गल्लीत एकेचाळीस घरं आणि घरोघर खड्डामाग. पुरुष खड्ड्यात पाय सोडून लुगडी विणायचे आणि आम्ही बायका उंबऱ्यात बसून कांड्या भरायचो. नवरा गेल्यावर वर्षाच्या पोरीला कडेवर घेऊन मी तुमच्या दारात आले, तेव्हा तुम्ही एका शब्दानं काही विचारलं नाहीत. लग्नात मला दिलेला कांड्यांचा जुडगा तेवढा माझ्या बोचक्यातून काढलात, टोकाला तुम्ही स्वतः बसवलेली तांबडी लाख अंगठ्यानं पुसलीत आणि रहाटाशेजारी ठेवलात. म्हणालात, "तुझी जागा हाय तिथंच हाय." आईला त्या वेळी दम्यानं उठवत नव्हतं. सोसायटीच्या सभेत आपल्या घराची कांडी टाकायला तुम्ही मला पाठवायला लागलात. तुम्ही चेअरमन, आणि चेअरमननं स्वतः टाकायची नाही, हा तुमचाच नियम.

विणकर सोसायटीत हात वर करून मत द्यायची पद्धत तुम्ही मोडलीत. हात वर करायचा म्हटलं की धाकटा भाऊ थोरल्याकडं बघतो आणि सून सासऱ्याकडं, असं तुम्ही म्हणायचात. त्यापेक्षा प्रत्येक घरातून एकानं, बाई असो की बाप्या, एक भरली कांडी आणि एक रिकामी कांडी लपवून आणायची. पारावरच्या टोपलीवर तुमचं उपरणं पसरलेलं असायचं. त्याच्याखाली हात घालायचा आणि दोन्हीतली एक सोडायची. भरली म्हणजे होय, रिकामी म्हणजे नाही. उरलेली मुठीतच घरी न्यायची. शेवटी टोपली पालथी व्हायची आणि भरल्या कांड्या ज्याच्या घरात सूत कमी असेल त्याला मिळायच्या. बाहेरचे हसायचे आपल्याला. मला मात्र फार आवडायचं ते. चूल फुंकणाऱ्या बाईचा हात उपरण्याखाली गेला की आत काय करतो ते तिच्या नवऱ्यालासुद्धा कळत नव्हतं. पण अप्पा, सभा किती असायच्या त्या! पाराच्या कडुनिंबाची वाकडी फांदी तोडावी की नाही यावर तीन सभा झाल्या, आणि तिसऱ्या सभेच्या आदल्या दिवशी वाऱ्यानं फांदी आपोआप पडली. मी तेव्हा हसून हसून लोळले होते. आईही खोकत खोकत हसली होती. तुम्हालाच तेवढं हसू आलं नाही. तुम्ही म्हणालात, पडली ती पडली, पण कुणाच्या मनात राग ठेवून पडली नाही.

मग लढाईची झळ आपल्या गल्लीपर्यंत आली आणि हसायचे दिवस संपले. सूत कंट्रोलात गेलं. गिरण्या सगळं सूत लष्कराच्या कापडाला देऊ लागल्या आणि आपल्या वाट्याला परमिट आलं. बऱ्याच महिन्यांनी सोसायटीला एक मोठं परमिट मिळालं, पंधरा दिवसांत माल उचलायचा. तुम्ही सभा बोलावलीत. वाटणी मागावर करायची की खाणाऱ्या तोंडांवर? दोन मागवाले एकीकडं, पोरंबाळंवाले दुसरीकडं. पहिल्या रविवारी भांडण, मधे परत एक बैठक, दुसऱ्या रविवारी पुन्हा भांडण. तुम्ही प्रत्येकाच्या दारात जाऊन बसलात, प्रत्येकाचं ऐकून घेतलंत. अखेर तोंडांवर ठरलं, सगळे एकदिलानं कबूल झाले, एकमेकांना पानसुद्धा दिलं. आणि तुम्ही परमिट घेऊन गेलात तर मुदत टळून दोन दिवस झाले होते. सूत दुसऱ्या गावाला गेलेलं. त्या वर्षी गल्लीत माग बंद पडले, ते मी विसरणार नाही. घरोघर रिकाम्या कांड्यांच्या टोपल्या. पुरुष स्टेशनात हमाली करायला गेले, तीही रोज मिळेना. आई आपली भाकरी अर्धी मोडून पोरीच्या हातात द्यायची आणि मला सांगायची की मला भूकच नाही. पोरीचे पाय काड्यांसारखे झालेले, उभी केली की बसायची. थंडीत आई गेली. दम्यानं गेली असं सगळे म्हणाले. मी तुमच्यासमोर उभी राहून म्हणाले की आईला तुमच्या सभेनं खाल्लं, एकानं ठरवून सूत आणलं असतं तर आज ती असती.

तुम्ही आयुष्यात मला एकदाच रागावलात ते तेव्हा. आवाज चढवला नाहीत. आईचा रहाट कोपऱ्यात सरकवत म्हणालात, "एकट्यानं ठरवलं आन् त्ये चुकलं, तर त्याला सांगायचं कुनी? सांग की मला. कुनी सांगायचं?" मला नुसता राग आला. भरल्या पोटानं बोलायच्या गोष्टी आहेत ह्या, असं मला वाटलं. आज पंच्याहत्तराव्या वर्षीही तो राग पुरता गेलाय असं म्हणवत नाही.

अशात मिस्त्रीकाका आले. आपल्याच गल्लीतले, मुंबईच्या गिरणीत जॉबर होते, हाताखाली शंभर माणसं वागवलेली. इस्त्रीचा कोट घालून पारावर उभे राहिले आणि म्हणाले, "आप्पा, तुमी देवमानूस. पन देवमानसाच्या हातनं सूत येत न्हाई. लष्कराला जखमेच्या पट्ट्यांचं कापड पायजे. माझी वळख हाय. पंधरा दिवसांत सूत आनतो, घरोघर माग चालू करतो. पन माझी एकच अट हाय. लढाई संपस्तवर सभा न्हाई, कांड्या न्हाई, मला कुनी इचारायचं न्हाई."  तुम्ही नाही म्हणाला नाहीत. अट गल्लीपुढं ठेवू म्हणालात. सोसायटी जशी चालली तशीच चालावी का? होय असेल तर भरली कांडी. मिस्त्रींच्या हाती द्यायची असेल तर रिकामी. पुढच्या रविवारी.

अप्पा, तुम्ही गल्लीतले सगळ्यांत शहाणे, आणि ही चूक तुम्हाला दिसली नाही. दिसणार कशी? कांड्या भरणं बायकांचं काम. रहाटाजवळ सूत किती उरलंय हे पुरुषांना कधीच ठाऊक नसतं, हात पुढं केला की भरली कांडी मिळते एवढंच त्यांना ठाऊक. बोटाला लागेल एवढं सूत कुणाच्याही घरात निघतं, असं तुम्ही धरून चाललात. निघत नव्हतं. निम्म्या गल्लीत भरली कांडी उरली नव्हती. तुम्हाला मत द्यायला सूत लागत होतं, मिस्त्रीकाकांना द्यायला काहीच लागत नव्हतं. रविवारी सकाळी मी पोरीला पेज पाजत होते तेव्हा एकामागून एक चौघीजणी दारात आल्या. पहिली म्हणाली, "आक्का, येका कांडीपुरतं सूत आसलं तर बघा बाई." दुसरी उंबऱ्यातच बसली. तिसरी म्हणाली की चेअरमनच्या घरात नाही तर कुणाच्या घरात असणार. चौथीनं नुसती रिकामी कांडी पुढं केली. मी म्हटलं, कुठलं सूत बायांनो, आईच्या मागं आमच्याही रहाटाला जाळं लागलंय. गेल्या बिचाऱ्या.

दुपारी पारावर सगळी गल्ली जमली. तुम्ही उपरणं पसरलंत. त्या वर्षी आपल्या गावच्या किल्ल्यात इंग्रजांनी मोठमोठे पुढारी कोंडलेले होते, आणि तुम्ही दर रविवारी लांबून त्या तटाकडं बघून यायचात. त्या दिवशीही जाऊन आला होतात, चपलांवर धूळ होती. एकेक हात उपरण्याखाली गेला. टोपली पालथी केली तेव्हा रिकाम्या कांड्यांचा आवाज आला, बरूवर बरू आपटल्याचा कोरडा आवाज. रिकाम्या एकवीस. भरल्या सतरा. आणि तीन अशा, की ज्यांवर सूत नव्हतं. एकीवर लुगड्याच्या काठाची चिंधी गुंडाळलेली, एकीवर बाजेची सुतळी, एकीवर काळा करदोडा. कुणीतरी कमरेचा करदोडा सोडून तुम्हाला मत दिलं होतं, अप्पा. मिस्त्रीकाका म्हणाले, "ह्या कशाच्या?" तुम्ही त्या तिन्ही हातात घेऊन पाहिल्यात. भरली म्हणजे मागावर चालेल अशी, नियम माझाच आहे, असं म्हणून तुम्ही त्या बाजूला ठेवल्यात. मग भरल्यांमध्ये तुम्हाला तांबड्या लाखेची कांडी दिसली. ती उचलून तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि हसलात. घरी येताना विचारलंत, "सूत कुठलं गं?" मी म्हटलं, आईच्या रहाटावर राहिलं होतं. तुम्ही मान हलवलीत. "घरचं तरी भरलेलं निघालं," एवढंच बोललात आणि माझ्या डोक्यावर हात ठेवलात.

पुढचं खोटं कशाला सांगू, पुढची दोन वर्षं सुखाची गेली. मिस्त्रीकाका बोलले तसे वागले, पंधरा दिवस सांगितले होते, अकराव्या दिवशी सूत आलं. पारावर रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगला. त्याचा टोला पडला की माग सुरू, टोला पडला की भाकरी, टोला पडला की पुन्हा माग. वाटणीचं भांडण नाही, फांदीवर सभा नाही. जिथं एक रुंद माग होता तिथं दोन अरुंद बसले, कारण पट्टीच्या कापडाला लुगड्याची रुंदी काय करायची? दर शनिवारी लष्कराची गाडी येऊन गठ्ठे न्यायची. आपल्या घरात दोन्ही वेळ भाकरी शिजायला लागली. मी पोरीला शेरभर दूध लावलं. तिच्या पायांत जीव आला आणि एका सकाळी ती रहाट धरून उभी राहिली ती पुन्हा बसली नाही. गल्लीतल्या किती घरांवर पत्रे आले. लोक मिस्त्रीकाकांच्या पाया पडायचे. मीही पडले आहे. तुम्ही तुमच्या खड्ड्यात बसून पट्टीचं कापड विणत होतात, सगळ्यांसारखं, टोल्यावर उठत बसत. "गल्लीनं ठरवलंय. आपन इनायचं," एवढंच म्हणायचात. आज जावई बोलत होते तेव्हा मला ते दूध आठवत होतं. त्यांना मी कुठल्या तोंडानं सांगू, की एकट्याच्या हुकमानं पोट भरत नाही? भरतं. मी भरलेलं बघितलंय.

पण दुसऱ्या वर्षी शेवटच्या घरातले म्हातारबाबा पारावर बोलून गेले, की लढाई काय जन्मभर चालत नाही, दोन-चार रुंद माग राहू द्या लुगड्याला. साधी गोष्ट. मिस्त्रीकाका ऐकून घेतल्यासारखं हसले आणि दुसऱ्या दिवशी म्हातारबाबांचं सूत बंद झालं. आठ दिवस ते टोला पडला की रिकाम्या मागावर जाऊन बसायचे. मग मुलगा त्यांना घेऊन दौंडच्या बाजूला खडी फोडायला गेला. गल्लीतून कुणी काही बोललं नाही. मीही नाही. तुम्ही गेला होतात मिस्त्रीकाकांकडं, एकटेच, आणि हात हलवत परत आलात. त्यानंतर लोकांना युक्ती कळली. मिस्त्री विचारतील तेव्हा सगळं बरं आहे म्हणायचं. सूत कच्चं आलं तरी बरं आहे. कापड विरळ निघालं तरी बरं आहे. मिस्त्रीकाकांनी लुगड्याच्या रुंद फण्या, ज्यांच्या दातांतून मागाचे उभे धागे जातात त्या, अडगळ म्हणून पारापुढं ढीग घालून पेटवायला सांगितल्या, तेव्हाही सगळे बरं म्हणाले. ज्या फण्यांचा एकेक दात बापजाद्यांनी बसवलेला, त्या पाच मिनिटांत भडकून गेल्या, वेळूच त्या. तुमची फणी तुम्ही स्वतः आणून दिलीत. माझी एकट्याची का ठेवू, म्हणालात. मला तेव्हा तुमचा संताप आला होता. कधी नव्हे ते नियम मोडा की, असं वाटलं.

लढाई संपली आणि एका शनिवारी गाडी आली नाही. पुढच्या शनिवारी नाही. मिस्त्रीकाका म्हणाले, येईल, विणत राहा. लष्कराच्या छावणीत जाणारा आपला एक दूधवाला होता, त्याला आत सगळ्यांनी सांगितलं होतं की पट्टीचं कापड आता कुणाला नको. अख्ख्या गल्लीला ते कळलं. मिस्त्रीकाकांनाच तेवढं कुणी सांगेना. टोला पडायचा, माग चालायचे, आणि सोसायटीच्या खोलीत गठ्ठे चढत चढत आढ्याला लागले. उरलेली चाळीस घरं, सगळ्यांना माहीत की हे कापड कुणीही घेणार नाही, आणि सगळी ते विणतायत. असलं नवल मी पुन्हा बघितलं नाही. शेवटी उरलेलं सूत संपायला आलं तेव्हा तुम्ही उठलात. मी तुमच्या मागून गेले. मिस्त्रीकाका गठ्ठ्यांमधे खुर्ची टाकून बसले होते. तुम्ही म्हणालात, "मिस्त्री, गाडी येनार न्हाई आता. दोन म्हैनं झालं, समद्यांला म्हाईत हाय." ते खुर्चीतून उठले. म्हणाले, "समद्यांला? मंग मला कुनी सांगितलं का न्हाई, आप्पा?" तुम्ही तिथल्या एका गठ्ठ्यावर हात ठेवून म्हणालात, "सांगनाऱ्याचं सूत तुमी बंद केलं हुतं." तो कोटातला माणूस पोरासारखा रडला. मला त्याची दया आली, आणि माझी मलाच चीड आली. चार दिवसांनी ते मुंबईला निघून गेले. रुळाचा तुकडा पारावर तसाच टांगलेला राहिला.

लुगडं विणायचं म्हटलं तर रुंद माग नाहीत, फण्या नाहीत, नव्या करणारे कारागीर उरले नाहीत, आणि गावोगावचे व्यापारी तोवर दुसरीकडून लुगडी घेऊ लागले होते. एकेक घर उठलं. कुणी सोलापूर, कुणी मालेगाव, कुणी भिवंडी. साताठ घरं उसाच्या मळ्यांत मजुरीला गेली. राहिलेल्यांनी ते पट्टीचं कापड घराघरात वाटून घेतलं. त्याची बाळंतपणाची फडकी झाली, पोरांची झबली झाली, आणि पुढं एका पावसाळ्यात साथ आली तेव्हा त्यातूनच कुणाकुणाच्या प्रेतावर घालायलाही निघालं. मी नगरपालिकेच्या बालवाडीत नोकरी धरली. तुम्ही घरीच असायचात. लोक परत तुमच्याकडं आले होते, अप्पा, तुम्हीच पुन्हा सोसायटी धरा म्हणून. तुम्ही म्हणालात, "एकवीस घरांला मी नको हुतो." मी मोजत नव्हते, पण तो आकडा तुमच्या तोंडून दर दोन दिवसांनी यायचा. जो माणूस फांदी तोडायला गल्लीला विचारायचा, त्यानं कुणाला काही विचारणंच सोडलं. ताटात भाकरी वाढली तर खाल्ली, नाही वाढली तर उठला. आणखी हवी का, हेही मीच विचारायचे.

तुमच्या शेवटच्या वर्षी शेजाऱ्यानं पेपर वाचून दाखवला, की आता देशात सगळ्यांना मत मिळणार. बाईला, अडाण्याला, मजुराला, सगळ्यांना. तुम्ही अंथरुणात उठून बसलात. "टाकायचं काय?" विचारलंत. तो म्हणाला, सरकार कागद देणार, सगळ्यांना सारखा. "सरकार देनार? घरनं आनायचा न्हाई?" असं म्हणालात. आधी भिंतीकडं बघितलंत, आणि मग माझ्याकडं.  तुम्ही काही विचारायच्या आत मी उठले, चुलीवर दूध आहे म्हणाले. चुलीवर काही नव्हतं. त्या मतापर्यंत तुम्ही राहिला नाहीत. तुम्हाला तिरडीवर ठेवलं तेव्हा त्या चौघींतली एक, ती उंबऱ्यात बसलेली, माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "त्या दिशी बोटभर सूत घावलं आसतं तर आमी आप्पालाच दिलं आसतं गं. हात उपरन्याखाली घातला आन् मूठ उघडंना माझी."

जावई झोपून उठलेत, बाहेर चहाचा आवाज येतोय. ते मला उद्याही म्हणतील की लोकांनाच एक माणूस हवा असतो, लोकच स्वतःहून त्याच्या हाती देतात. मी त्यांना उत्तर देऊ शकते, पण मग सगळंच सांगावं लागेल. तुम्हाला तरी सांगते. आईनं जाताना माझ्या कानात सांगितलं होतं, कणगीत हात घाल, तळाशी सुताची एक लड आहे, अडीनडीला ठेवलीय. अख्खी लड होती, अप्पा, पांढरीशुभ्र, वीस कांड्या भरतील एवढी. चौघी दारात आल्या तेव्हा माझी पाठ त्या कणगीलाच टेकलेली होती. त्या कुणाला मत देणार हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी नाही म्हटलं. पोरगी मांडीवर होती आणि मला मिस्त्रीकाका हवे होते. त्या गेल्यावर मी लड काढली आणि लाखेची एकच कांडी भरली, तुम्हाला ओळखू यावी म्हणून.